प्लेऑफ मालिकेतील 'महत्त्वाची जोड' : एक समीक्षा

प्रस्तावना

एनबीएच्या प्लेऑफ सुरू झाल्या की प्रत्येक मालिकेपूर्वी एक ठरावीक प्रकारचा लेख येतो. दोन संघांतील दोन मोठे खेळाडू निवडायचे, त्यांची छायाचित्रे समोरासमोर छापायची आणि 'या दोघांतील लढत मालिकेचा निकाल ठरवेल' असे लिहायचे. मालिका संपल्यावर त्याच दोघांचे आकडे शेजारी मांडून कोण जिंकला ते सांगायचे. या टिपणात आपण त्या लेखनप्रकाराची समीक्षा करणार आहोत. त्यासाठी १९९१, २०१५, २०१६ आणि २०१९ या चार मालिका घेऊ. शेवटी हा प्रश्न वाराणसीत आणि एकूण आपल्याकडे कसा येतो तेही पाहू.

टिपणाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मालिकेतील जोड ही आधी ठरलेली वस्तू नसते. ती लावली जाते, मोडली जाते, चोरून आणली जाते. निकालावर सर्वांत जास्त परिणाम करणारी जोड बहुधा दोन मोठ्या नावांची नसते. जी जोड एका संघाला टाळायची असते आणि दुसरा संघ ती टाळू देत नाही, ती निर्णायक ठरते.

१. 'जोड' हा शब्द आणि त्यामागची कल्पना

मराठी वाचकाला जोड ही कल्पना कुस्तीतून माहीत आहे. कोल्हापूरच्या खासबागेत मैदान ठरले की पोस्टरवर सर्वांत वर पहिल्या क्रमांकाची कुस्ती येते. दोन पैलवान, दोन फोटो. तिथे हे योग्यच आहे, कारण कुस्तीत जोड म्हणजेच सामना. हौद्यात तिसरा माणूस येत नाही. पैलवानाला मध्येच समोरचा माणूस बदलून मिळत नाही.

बास्केटबॉलमध्ये मैदानावर दहा जण असतात. कोण कोणाला अडवणार हे प्रशिक्षक ठरवतो, पण ते ठरलेले टिकवणे एकट्याच्या हातात नसते. आक्रमण करणारा संघ स्क्रीन लावतो. म्हणजे एक खेळाडू बचाव करणाऱ्याच्या वाटेत पाय रोवून उभा राहतो. अशा वेळी बचाव करणाऱ्या दोघांनी आपापली माणसे अदलाबदल केली, तर त्याला स्विच म्हणतात. एका क्षणापूर्वी लागलेली जोड दुसऱ्या क्षणी बदललेली असते.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर कुस्तीतील जोड ही दोन घटकांची बंद प्रणाली आहे. बास्केटबॉलमधील जोड ही दहा परस्परावलंबी घटकांच्या प्रणालीतील एक दुवा आहे. असा दुवा प्रणालीतून वेगळा काढून मोजला तर मिळणारे उत्तर चुकीचेच असेल असे नाही. पण ते अपुरे असणार हे गृहीत धरावे लागते.

याचे जुने उदाहरण बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांचे. प्लेऑफमध्ये त्यांचे संघ ८ मालिकांत समोरासमोर आले. रसेलचा बोस्टन संघ त्यातील ७ मालिका जिंकला. फक्त १९६७ साली चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने बाजी मारली. पण या दोघांच्या सामन्यांतील गुणांची सरासरी काढली तर चेंबरलेन पुढे दिसतो. पोस्टरच्या हिशेबाने जोड एकाने जिंकली आणि मालिका दुसऱ्याने. तेव्हा हिशेब तपासायला हवा.

२. १९९१ : बदललेली जोड

शिकागो बुल्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांच्या अंतिम मालिकेची जाहिरात 'मायकेल जॉर्डन विरुद्ध मॅजिक जॉन्सन' अशी झाली होती. पहिल्या सामन्यात लेकर्सनी शिकागोत ९३-९१ असा विजय मिळवला. शेवटच्या क्षणांत सॅम पर्किन्सने तीन गुणांचा शॉट मारला. मॅजिकने १९ गुण, १० रिबाउंड आणि ११ असिस्ट अशी तिहेरी कामगिरी केली.

दुसऱ्या सामन्यात जॉर्डनच्या नावावर लवकरच दोन फाउल जमा झाले आणि मॅजिकला अडवण्याचे काम मुख्यतः स्कॉटी पिपेनकडे गेले. पिपेन ६ फूट ८ इंच, मॅजिक ६ फूट ९ इंच. मॅजिकचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे त्याची उंची. इतर संघांचे पॉइंट गार्ड त्याच्यापेक्षा बरेच बुटके असल्याने तो त्यांच्या डोक्यावरून सगळे मैदान पाहू शके. पिपेनने हा फायदा काढून घेतला आणि चेंडू पुढे आणण्याच्या टप्प्यापासूनच त्याला दमवले. शिकागोने तो सामना १०७-८६ असा जिंकला, पुढचे तीनही जिंकले आणि मालिका ४-१ अशी घेतली.

येथे समीक्षकाने दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. पहिली : जाहिरातीतील जोड निकालाच्या मुळाशी नव्हती. जॉर्डनला मॅजिकपासून सोडवले गेले, तेव्हा त्याची ताकद आक्रमणासाठी मोकळी झाली. दुसरी : सगळे श्रेय पिपेनलाही देता येत नाही. लेकर्सच्या जेम्स वर्दीचा घोटा दुखावलेला होता आणि पाचव्या सामन्यात वर्दी आणि बायरन स्कॉट दोघेही खेळू शकले नाहीत. मॅजिकने पास द्यायचा तो कोणाला, हाही प्रश्न होताच. जोडीची गोष्ट सांगताना असे घटक गाळले की गोष्ट सुबक होते, पण विश्लेषण बिघडते.

३. २०१५ : एका मालिकेतील दोन धडे

गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स यांची २०१५ ची अंतिम मालिका या विषयासाठी पाठ्यपुस्तकासारखी आहे.

पहिला धडा मॅथ्यू डेलावेडोव्हाचा. क्लीव्हलँडचा कायरी अर्व्हिंग पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि त्याच्या जागी डेलावेडोव्हा आला. दुसऱ्या सामन्यात स्टीफन करीने २३ पैकी फक्त ५ शॉट टाकले. तीन गुणांच्या १५ शॉटपैकी २. क्लीव्हलँड जिंकले आणि डेलावेडोव्हा हा करीवरचा उतारा ठरला. पाचव्या सामन्यात करीने ३७ गुण केले. तेव्हा उतारा कुठे गेला?

येथे थोडे गणित करू. त्या हंगामात तीन गुणांच्या शॉटमध्ये करीचा नेम सुमारे ४४ टक्के होता. समजा बचाव कसाही असला तरी हा नेम तसाच राहिला आणि प्रत्येक शॉट स्वतंत्र आहे. मग १५ पैकी २ किंवा त्याहून कमी शॉट पडण्याची संभाव्यता द्विपद वितरणाने सुमारे १.३ टक्के येते, म्हणजे अशा साधारण ७७ रात्रींतून एक. प्लेऑफचा बचाव कडक असतो म्हणून नेम ४० टक्के धरला तर संभाव्यता २.७ टक्क्यांवर जाते, म्हणजे सुमारे ३७ रात्रींतून एक. लांब हंगामात अशी एखादी रात्र येणे हे आश्चर्य नव्हे. डेलावेडोव्हाने मेहनत केली नाही असा याचा अर्थ नाही. त्याने खूप मेहनत केली, इतकी की तिसऱ्या सामन्यानंतर अंगातले पाणी कमी होऊन त्याला रुग्णालयात न्यावे लागले. पण एका रात्रीच्या नमुन्यावरून 'या जोडीचा निकाल लागला' असे म्हणता येत नाही, एवढाच मुद्दा आहे.

दुसरा धडा आंद्रे इगुडालाचा. तीन सामन्यांनंतर क्लीव्हलँड २-१ ने पुढे होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह केर यांनी ७ फुटी अँड्र्यू बोगटला बसवून ६ फूट ६ इंचाच्या इगुडालाला सुरुवातीपासून खेळवले. त्या हंगामात त्याआधी इगुडालाने एकही सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता. ही सूचना केर यांचे तरुण सहायक निक यूरेन यांची होती. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेची चित्रफीत पाहताना त्यांना ती सुचली. सामन्यापूर्वी केर यांनी पत्रकारांना बदलाचा पत्ता लागू दिला नाही आणि आपण खोटे बोललो हे नंतर कबूल केले. मालिकेपूर्वी लिहिलेल्या कोणत्याही लेखात ही जोड असणे शक्यच नव्हते.

निकाल काय झाला? चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडचा ७ फूट १ इंचाचा टिमोफे मोझगोव याने २८ गुण केले. पोस्टरच्या हिशेबाने वॉरियर्सची ती जोड साफ हरली. पण सामना वॉरियर्सनी १०३-८२ असा जिंकला. मोझगोवला बचावात लहान आणि चपळ खेळाडूंमागे धावावे लागत होते आणि वॉरियर्सचा वेग त्याला पेलत नव्हता. पाचव्या सामन्यात क्लीव्हलँडने त्याला जेमतेम ९ मिनिटे खेळवले. म्हणजे २८ गुण करणारा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या एका बदलामुळे मैदानाबाहेर बसला. जोड हरून मालिका जिंकण्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

वॉरियर्सनी मालिका ४-२ अशी जिंकली आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इगुडालाला ११ पैकी ७ मतांनी मिळाला. उरलेली ४ मते लेब्रॉन जेम्सला पडली. इगुडाला ज्याला अडवत होता त्या लेब्रॉनची मालिकेतील सरासरी होती ३५.८ गुण! नुसता हा आकडा पाहणारा म्हणेल, इगुडालाने काय अडवले? पण लेब्रॉनला त्यासाठी दर सामन्यात ३२ हून अधिक शॉट घ्यावे लागले आणि त्यातील ४० टक्क्यांहून कमी पडले. अर्व्हिंग आणि केव्हिन लव्ह दोघेही जखमी असल्याने त्याला दुसरा मार्गही नव्हता. इगुडालाचे काम लेब्रॉनला थांबवणे हे नव्हते. त्याला प्रत्येक गुणासाठी जास्त किंमत मोजायला लावणे हे होते.

४. २०१६ : पकडून आणलेली जोड

पुढच्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा भेटले. नियमित हंगामात ७३ सामने जिंकून आलेले वॉरियर्स मालिकेत ३-१ ने पुढे होते. पाचव्या सामन्यात ड्रेमंड ग्रीन निलंबित होता आणि त्याच सामन्यात बोगट जखमी झाला. हे घटक विसरायचे नाहीत. तरीही क्लीव्हलँडने मालिकाभर एक गोष्ट सातत्याने केली : करी ज्याला अडवत असेल त्याला स्क्रीन लावायला पुढे आणायचे, म्हणजे स्विच होऊन करी लेब्रॉन किंवा अर्व्हिंगच्या समोर येईल.

सातव्या सामन्यात गुण ८९-८९ असे बरोबरीत होते. साडेतीन मिनिटांहून अधिक काळ कोणालाही एकही गुण मिळाला नव्हता. अर्व्हिंगसमोर क्ले थॉम्पसन होता, जो वॉरियर्सचा त्या जागेवरचा भरवशाचा बचावपटू. करी जे. आर. स्मिथवर होता. स्मिथने येऊन स्क्रीन लावली, स्विच झाला, अर्व्हिंगसमोर करी आला. ५३ सेकंद बाकी असताना अर्व्हिंगने करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा शॉट मारला. सामना ९३-८९ असा संपला.

छायाचित्रात अर्व्हिंग आणि करी दिसतात. दोघेही पॉइंट गार्ड. म्हणून पोस्टरवाला लेख म्हणेल, 'अखेर दोन पॉइंट गार्डांतील लढत निर्णायक ठरली'. पण ती जोड वॉरियर्सनी लावलीच नव्हती, क्लीव्हलँडने ती ओढून आणली होती. ओढून आणणारा माणूस स्मिथ. त्या शॉटच्या नोंदीत त्याच्या नावापुढे काहीच नाही. पास नाही, गुण नाही. नोंदवहीत ज्याला रकाना नाही अशा कामावर विजेतेपद उभे होते.

त्यानंतर लगेच उलटा प्रकार झाला. वॉरियर्सच्या आक्रमणात स्विच होऊन करीसमोर क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह आला. बचावात दुबळा म्हणून ज्याच्यावर टीका होत असे तो हा लव्ह. या वेळी वॉरियर्सना हवी ती जोड मिळाली होती. लव्ह पाय हलवत करीसमोर टिकून राहिला आणि करीचा शॉट चुकला. हवी ती जोड मिळवणे हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग खेळाडूच्या पायांत असतो. म्हणूनच हा खेळ गणित करून संपत नाही.

पाणी उताराकडे धावते, तसे आक्रमण सर्वांत दुबळ्या जोडीकडे धावते. मालिकेचा अंदाज करणाऱ्याने डोंगराची दोन शिखरे मोजण्यापेक्षा उतार कुठे आहे ते शोधावे.

५. २०१९ : एकाच्या नावावर पाचांचे काम

पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत मिलवॉकी बक्सनी टोरोंटो रॅप्टर्सविरुद्ध पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात टोरोंटोचे प्रशिक्षक निक नर्स यांनी यानिस आंटेटोकुम्पोसमोर कावाय लेनर्डला उभे केले. दोन जादा सत्रांपर्यंत गेलेला तो सामना टोरोंटोने ११८-११२ असा जिंकला. यानिसला १६ पैकी ५ शॉटवर १२ गुण मिळाले आणि ८ वेळा त्याने चेंडू गमावला. टोरोंटोने सलग चार सामने जिंकून मालिका घेतली.

'लेनर्डने यानिसला रोखले' हे वाक्य खोटे नाही. पण यानिसची खरी ताकद धावत येऊन बास्केटखाली घुसण्यात आहे आणि तिथे त्याच्यासमोर केवळ लेनर्ड नसे. मार्क गॅसोल आणि इतर जण मधल्या भागात सरकून भिंत उभी करत आणि बाहेरच्या नेमबाजांना काही अंशी मोकळे सोडण्याचा धोका पत्करत. लेनर्ड पहिला अडथळा होता, भिंत मागे होती. संघाच्या योजनेला आपण एका माणसाचे नाव देतो, कारण नाव लक्षात राहते. पण पुढच्या मालिकेत तोच माणूस भिंतीशिवाय उभा राहिला आणि अपयशी ठरला, तर दोषही त्याच्याच नावावर लागतो.

६. नियम बदलले की जोडीचा अर्थ बदलतो

१९९१ आणि २०१९ ची तुलना करताना एक दक्षता हवी. २००१ पर्यंत एनबीएमध्ये झोन बचावाला बंदी होती. बचाव करणाऱ्याला आपल्या माणसाला सोडून मोकळ्या जागेत रेंगाळता येत नसे. तसे केल्यास 'बेकायदा बचाव' धरला जाई. अशा नियमांत एकास एक जोडीला जास्त अर्थ होता. २००१-०२ च्या हंगामापासून झोनला परवानगी मिळाली. मात्र कोणालाही न अडवता बास्केटखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक उभे राहण्यास मनाई करण्यात आली. टोरोंटोची भिंत या नव्या नियमांत शक्य झाली.

म्हणजे जोडीची भाषा ज्या काळात घडली त्या काळात ती वस्तुस्थितीला बरीच जवळ होती. खेळ पुढे गेला, भाषा मागे राहिली. आजच्या लेखनातील दोषाचे हे एक कारण आहे.

७. आकडे वाचताना

२०१३-१४ च्या हंगामापासून एनबीएच्या सर्व मैदानांत खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे आले. आज कोणी कोणासमोर किती वेळ खेळला आणि त्यात किती गुण झाले याचे तक्ते सहज मिळतात. हे तक्ते उपयोगी आहेत, पण त्यांच्यातील तीन अडचणी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अडचण नमुन्याची. सात सामन्यांतही एका विशिष्ट जोडीत होणारे शॉट मोजकेच असतात. वरील द्विपद वितरणाचे उदाहरण येथे पुन्हा पाहावे.

दुसरी निवडीची. चांगल्या बचावपटूसमोर आक्रमक शॉट घेतच नाही, तो पास देतो. तक्त्यात फक्त घेतलेले शॉट येतात. न घेतलेले शॉट येत नाहीत. चांगल्या बचावाचा मोठा भाग या न घेतलेल्या शॉटमध्ये असतो.

तिसरी श्रेयाची. स्क्रीनमुळे मागे पडलेल्या माणसाच्या मदतीला दुसरा धावतो आणि त्याच्यासमोर शॉट पडतो. नोंद दुसऱ्याच्या नावावर होते, चूक तिसऱ्याची असते आणि निर्णय प्रशिक्षकाचा असतो.

८. आपल्याकडे : एका सामन्याची स्पर्धा

वाराणसीत बास्केटबॉल म्हटले की उदय प्रताप कॉलेजचे मैदान आणि सिंह भगिनी आठवतात. दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा या चार बहिणी भारताकडून खेळल्या. प्रशांती सिंह यांना २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी मी वाचलेल्या मजकुरात कुटुंब आहे, जिद्द आहे, पदके आहेत. पण कोणत्या सामन्यात कोणी कोणाला अडवले, कोणती जोड मोडली, प्रतिस्पर्ध्याने कुठला उतार शोधला, हे जवळजवळ नाही. अमेरिकेतील लेखनात जोडीचा अतिरेक आहे. आपल्याकडे तिचा दुष्काळ आहे. दोन्हीकडे खेळ मात्र नजरेआड राहतो.

याला स्पर्धांची रचनाही कारण आहे. आपल्या राष्ट्रीय आणि विद्यापीठ स्पर्धांत बाद फेरी एका सामन्याची असते. १९९१ चे बुल्स किंवा २०१९ चे रॅप्टर्स अशा स्पर्धेत पहिल्याच पराभवानंतर घरी गेले असते. मालिका म्हणजे चूक कळण्याची आणि सुधारण्याची संधी; नियंत्रणशास्त्रात आपण ज्याला प्रतिपोषण म्हणतो ती यंत्रणा. आपल्याकडे ती चाळीस मिनिटांतच बसवावी लागते : पहिल्या दोन सत्रांत मिळून २ टाइमआऊट, शेवटच्या दोन सत्रांत मिळून ३, आणि मधली विश्रांती. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज सलग दोन दिवस खेळले, पण ते हंगामपूर्व सामने होते. तिथे कोणीही आपली खरी जोड उघड करत नाही.

या ठिकाणी एक स्वतःची चूक सांगतो, कारण विषय तिच्यापाशी येऊन थांबतो. काही वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या संघाचा प्रभारी होतो. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात समोरच्या संघात एक नामांकित नेमबाज होता. आमचा सर्वांत चांगला बचावपटू मी सामनाभर त्याच्यामागे लावला आणि स्क्रीन आली की स्विच करा, असे सर्वांना सांगितले. नेमबाज शांत राहिला. सामना आम्ही हरलो. त्यांचा एक साधा गार्ड आमच्या सर्वांत बुटक्या मुलाच्या डोक्यावरून शॉट मारत राहिला. सामन्यानंतर मी त्या मुलाला सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझा माणूस तू सोडलास."

दोन दिवसांनी एका विद्यार्थ्याने मोबाइलवर केलेले चित्रीकरण पाहिले. तो 'त्याचा माणूस' नव्हताच. दर वेळी स्क्रीन येत होती, माझ्या सूचनेप्रमाणे स्विच होत होता आणि तो मुलगा नको त्या जागी पोहोचवला जात होता. उतार मी तयार केला होता आणि पाणी वाहिले म्हणून त्याला बोललो होतो. मी त्याची माफी मागितली. "सर, होता है," एवढेच तो म्हणाला. पुढच्या वर्षी तो संघाच्या निवडीला आला नाही.

एनबीएमधील खेळाडूला चुकीच्या समीक्षेने फार तर वाईट मथळा मिळतो. आपल्याकडे मात्र सरावाला येणारे दहा-बाराच असतात. त्यातला एक चुकीच्या समीक्षेने जातो. जोड कोणी लावली हे न पाहता जोड कोण हरला ते सांगणे ही म्हणूनच केवळ लेखनातील चूक नाही.

९. निष्कर्ष

'महत्त्वाची जोड' ही कल्पना टाकून द्यावी असे या टिपणाचे म्हणणे नाही. प्रेक्षकाला दहा जणांच्या गर्दीत कुठे पाहायचे हे तिच्यामुळे कळते. पण असा लेख वाचताना किंवा लिहिताना तीन प्रश्न विचारावेत.

(अ) ही जोड कोणाला हवी आहे आणि कोणाला टाळायची आहे?
(आ) ती टाळण्यासाठी संघाला काय सोडावे लागेल : उंची, वेग, नेमबाज, की दमलेल्या खेळाडूची विश्रांती?
(इ) जोडीच्या निकालात इतर आठ जणांचा आणि बाकावरून निर्णय देणाऱ्याचा वाटा किती?

ज्या लेखात या तीनपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही, तो लेख म्हणजे पोस्टर समजावे. पोस्टर पाहून मैदानाकडे जायला हरकत नाही. मैदानात काय झाले हे मात्र त्यावरून सांगू नये.

स्वाध्याय

१. २०१५ च्या चौथ्या सामन्यात मोझगोवने २८ गुण करूनही त्याची पुढील सामन्यातील मिनिटे कमी का झाली? बचाव आणि आक्रमण असे दोन भाग करून उत्तर लिहा.
२. नेम ३६ टक्के धरून १५ पैकी २ किंवा त्याहून कमी शॉट पडण्याची संभाव्यता काढा. शॉट परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक कुठे चुकू शकते?
३. आपल्या कॉलेजच्या एखाद्या सामन्याचे चित्रीकरण घ्या. प्रतिस्पर्ध्याला मिळालेल्या शेवटच्या दहा बास्केटपूर्वी मूळ जोड कोणती होती, ती कोणी आणि कशी बदलली, याची नोंद करा. दोष कोणाचा हे ही नोंद पूर्ण झाल्यावरच लिहा.